लाउकाकांच्या बदकांची डोकी

लाउकाका बदक कानाने ऐकायचे. भट्टीतून काढलेलं बदक आकड्याला लटकत असायचं, कातडी तांब्याच्या हंड्यासारखी चमकत असायची, आणि हा साठीला आलेला चिनी माणूस त्याच्या छातीशी कान नेऊन करंगळीच्या नखाने टकटक करायचा, आपल्याकडे कलिंगड घेताना करतात तसं. आवाज कोरडा आला की मान हलवायची आणि सुरा घ्यायचा. आवाज ओला आला की बदक परत भट्टीत, मग गिऱ्हाईक कितीही ताटकळलेलं असो. मला म्हणायचे, "डोळा फसतो, बोंबे. रंग काय, पाकानेही येतो. कान फसत नाही."

त्यांचा कान खरंच कधी फसला नाही. फसला तो माझा, आणि साऱ्या बंदरादेखत फसला.

बोंबे म्हणजे मी. मी मुंबईचा नव्हे, रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा. पण मुंबईला जहाजावर चढलो म्हणून बंदराबंदरांतून माझं नाव तेच. जहाजावर मी आगवाला होतो, बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा. हांबुर्गला माल उतरताना पायावर पेटी पडली आणि जहाज मला इस्पितळात सोडून पुढे गेलं. पाय बरा होईतो बंदरावरच्या एका गोदामात काम मिळालं, आणि गावी परत जाऊन लंगडा म्हणवून घ्यायची माझी तयारी नव्हती. राहिलो. ही पंचावन्न-छप्पन सालाकडची गोष्ट. शिक्षण म्हणाल तर चौथी, तीही पुरती नाही. पण जर्मन मी बंदरावर शिकलो, आणि कार्ल्सरूहेला इंजिनिअर व्हायला येणाऱ्या आपल्या पोरांपेक्षा बरं शिकलो असं मी त्यांच्या तोंडावर सांगत असे. त्यांना पुस्तकातलं यायचं. मला शिव्यांसकट यायचं.

लाउकाकांचं दुकान बंदराच्या मागल्या गल्लीत होतं. दुकान कसलं, चार-पाच टेबलं, एक काचेची खिडकी आणि मागे स्वयंपाकघर. खिडकीत आकड्यांना बदकं टांगलेली, शेजारी डुकराच्या मांसाच्या लालभडक पट्ट्या. बाहेरच्या थंडीत त्या काचेशी उभं राहिलं तरी पोटात ऊब यायची. भट्टी म्हणजे तेलाचं मोठं पिंप, लाउकाकांनीच कापून केलेलं. बदकाच्या कातडीखाली ते सायकलच्या पंपाने हवा भरायचे, म्हणजे कातडी मांसापासून सुटते आणि कुरकुरीत होते. मग उकळतं पाणी, मग बीटाचा पाक आणि सिरका, मग रात्रभर वाऱ्यावर. आंबटगोड चटणीला त्यांच्या गावाकडची आलुबुखारं मिळत नसत, तर जर्मन बायका पावावर लावतात तो प्लमचा मुरंबा ते वापरायचे. वर म्हणायचे, "मुरंबा जर्मन आहे, जीभ कँटनची आहे. जीभ जिंकते."

त्यांच्या सोबतीला मिंग होता, त्यांच्याच गावचा, वयाने बराच लहान. मिंग शेवया करायचा. पिठाच्या गोळ्यावर लांब बांबू ठेवायचा, बांबूचं एक टोक भिंतीतल्या खोबणीत, दुसऱ्यावर स्वतः एक पाय टाकून बसायचा आणि उड्या मारत पीठ दाबायचा. मोठा माणूस घोडा-घोडा खेळतोय असं दिसायचं. त्या शेवया, वर स्वच्छ सूप, सुपावर बदकाचे तुकडे. मिंग बोलायचा कमी. लाउकाका म्हणायचे, "ह्याचं तोंड बांबूला आहे."

पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या दोन काड्या हातात धरता येईनात. शेवई वर यायची आणि सुळकन खाली जायची. शेजारचे खलाशी बघत होते. मला काही जमत नाही हे कुणी बघावं, ह्याच्यासारखी दुसरी आग मला ठाऊक नव्हती. म्हणून मी ऐटीत काड्या खाली ठेवल्या आणि ठोकळ्यावर बदक तोडणाऱ्या लाउकाकांना बोटाने दाखवलं, "ते डोकं द्या." आमच्याकडे माशाचं डोकं घरातल्या थोर माणसाच्या पानात जातं. ते हाताने, चोखून खायचं असतं. त्यात कुणी मला हरवणार नव्हतं.

लाउकाकांचा सुरा थांबला. "डोकं?" त्यांनी विचारलं. त्यांचं जर्मन म्हणजे चार शब्द आणि दहा खुणा; बाकी आमचं बोलणं जहाजावरच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत. "ह्या शहरात माझ्याकडे कुणी डोकं मागितलं नाही. जर्मन म्हणतो, काढून टाक. तू कुठला?" मी सांगितलं. आगवाला होतो म्हटल्यावर त्यांनी आपला तळवा माझ्यापुढे धरला. फावड्याचे जुने घट्टे. तेही आगवाले होते, ऐन जवानीत, ह्याच बंदरात उतरलेले. माझ्या पानात डोकं पडलं आणि त्या दिवसापासून दर शनिवारी एक डोकं माझं झालं.

त्यांना आमचा 'काका' हा शब्द आवडला होता. मी अर्थ सांगितला तेव्हा म्हणाले, "आमच्याकडे आ-सुक. तेच. बापापेक्षा बरा, कारण मारत नाही."

युद्धाबद्दल मात्र ते बोलत नसत. युद्धाच्या शेवटी शेवटी पोलिसांनी त्या गल्लीतले सगळे चिनी उचलून नेले होते, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. नेलेले सगळे परत आले नाहीत. लाउकाकांनी त्यातलं एवढंच एकदा सांगितलं, की त्या सकाळी चुलीवर सूप उकळत होतं आणि त्यांना खालचा जाळ विझवू दिला नाही. "जळती आग सोडून गेलो," म्हणाले. "आगवाल्याने असं जाऊ नये."

आता घरमालकीण. दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहणारी म्हातारी, नवरा गेलेला, स्वभावाने वाईट नव्हे. पण खिडकीतली बदकं तिला खुपायची. खरं तर बदकं नाही, त्यांची डोकी. मिटलेले डोळे आणि लोंबणाऱ्या चोची बघून नातवंडं जिन्यात रडतात, अशी तिची तक्रार. वर्षभर ती खिडकीकडे हात करून बोलायची आणि वर्षभर लाउकाका हसून मान डोलवायचे आणि काही करायचे नाहीत. मला म्हणायचे, "डोकं काढलं तर ते कोण होतं हे कसं कळणार? बिनडोक्याचं काहीही असेल. कावळासुद्धा असेल. मी तोंड दाखवून माल विकतो."

त्यांच्या दुकानाचा दुभाषा मी होतो. कुणी नेमलं नव्हतं, मीच झालो होतो. तपासनीस आला, कोळसेवाला आला, की लाउकाका म्हणायचे, "बोंबे, काय म्हणतो?" आणि मी खुर्ची मागे सारून असा उठायचो की जणू कोर्टात वकील उठला. खोटं कशाला सांगू, त्या उठण्यासाठीच मी पुष्कळदा तिथे बसलेला असायचो.

एका मंगळवारी दुपारी म्हातारी खाली आली. कवळी घातलेली नव्हती. मिंगचा बांबू धाडधाड चालला होता. तिने मला दारातच गाठलं, बोट नाचवलं आणि म्हणाली, शुक्रवारपर्यंत "डी क्योफं" इथून "वेक", सगळी, नाहीतर ती नगरपालिकेत जाईल. वेक म्हणजे दूर, इथून बाहेर. एवढं बोलून ती जिना चढून गेली.

आता हे नीट ऐका. जर्मनमध्ये डोकं म्हणजे कॉप्फ आणि स्वयंपाकी म्हणजे कॉख. एकेकटे असताना कुणीही ओळखील. पण अनेक झाले की जर्मन माणूस ओठांचा चंबू करतो. डोकी होतात क्योफं आणि स्वयंपाकी होतात क्योशं. बिनदाताच्या तोंडातून, त्या धाडधाडीत, दोन्ही सारखेच येतात. मी आजही म्हणतो, कवळी असती तर हे झालं नसतं.

"काय म्हणते?" लाउकाकांनी विचारलं.

मी जरा थांबलो. वाईट बातमी सांगणाऱ्याने थांबायचं असतं, असं मला वाटायचं. म्हटलं, "शुक्रवारपर्यंत स्वयंपाकी इथून गेले पाहिजेत. सगळे. नाहीतर नगरपालिका."

मिंगचा बांबू थांबला. लाउकाकांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "कॉख?"

"होय."

त्यांनी मिंगकडे बोट केलं.

"सगळे म्हणाली."

"वेक?" त्यांनी तो शब्द इतक्या हळू उच्चारला, की तो त्यांना कुठून ओळखीचा आहे हे माझ्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं. "बोंबे, वर जाऊन परत विचारतोस? का म्हणून ते?"

माझा स्वभाव तिथे आडवा आला. म्हातारीपुढे परत जाऊन 'बाई, मला कळलं नाही, पुन्हा सांगा' असं म्हणायचं? मी? "विचारायचं काय त्यात," मी म्हणालो. "स्पष्ट बोलली. मला काय जर्मन येत नाही?"

"येतं, येतं," लाउकाका म्हणाले आणि माझी समजूत घातल्यासारखा माझा खांदा थोपटला. घर त्यांचं चाललं होतं आणि समजूत ते माझी घालत होते.

बुधवार-गुरुवार मी बंदरावर सगळ्यांना सांगत हिंडलो. म्हातारीला शिव्या घातल्या, नगरपालिकेला घातल्या. शुक्रवारी दुपारची सुट्टी मागून मी दुकानात गेलो, की भांडायची वेळ आली तर आपला माणूस तिथे असावा.

दुकान पुसून लख्ख केलेलं होतं. पिंपाची भट्टी थंड, राखसुद्धा काढलेली. खिडकीत शेवटची बदकं होती, डोक्यांसकट. दाराजवळच्या टेबलाशी लाउकाका ओव्हरकोट घालून, डोक्यावर हॅट ठेवून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. पायाशी दोरीने बांधलेली बॅग. शेजारी मिंग, तसाच. फोटो काढायला बसवल्यासारखे दोघे. ते म्हातारीची वाट पाहत नव्हते. ते पोलिसांची वाट पाहत होते.

"बस, बोंबे," लाउकाका म्हणाले. "आधी जेवण, मग बोलणं."

टेबलावर सगळं मांडलेलं होतं. शेवया, सूप, लाल मांस, आणि मधे एक अख्खं बदक. माझ्या वाडग्यात त्यांनी आधीच डोकं ठेवलं होतं. "ह्या वेळी आग मी स्वतः विझवली," ते म्हणाले. "नीट विझवली. चांगलं झालं." आणि हॅटसकट जेवायला लागले.

मी जेवलो. ते बदक त्यांच्या हातचं सगळ्यात उत्तम बदक होतं, हेही सांगून टाकतो. कातडी दाताखाली वाजत होती. मी चोखत होतो आणि मधेमधे म्हणत होतो, "येऊ दे ती म्हातारी, बघतोच." लाउकाका म्हणायचे, "खा, खा. म्हातारीचं घर आहे."

मग ती आली. ह्या वेळी कवळी होती. दारात उभी राहून तिने खिडकी पाहिली, आमच्याकडे पाहिलं, दोघांचे कोट आणि बॅगा पाहिल्या आणि तिला काहीच उमजेना. "कुठे निघालात?" तिने विचारलं. मी उठलो, खुर्ची मागे सारली, वकील झालो. म्हटलं, तुम्हीच सांगितलंत ना, स्वयंपाकी गेले पाहिजेत म्हणून.

"स्वयंपाकी?" म्हातारी म्हणाली. तिने खिडकीतल्या बदकाची चोच दोन बोटांत धरली आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या डोक्यावर टिचक्या मारल्या. "क्योप्फं. क्योप्फं, बाबा. डोकी."

माझ्या हातात डोकंच होतं, अर्धं चोखलेलं.

आधी मिंगला कळलं. त्याच्या घशातून खोकल्यासारखं काहीतरी निघालं. हसू की काय ते मी त्याला कधी विचारलं नाही. लाउकाकांना कळायला जरा वेळ लागला. त्यांनी म्हातारीचं बोट पाहिलं, बदक पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हॅट काढली. कोट काढून खुर्चीच्या पाठीवर नीट घातला. मग खिडकीतली सगळी बदकं उतरवली, ठोकळ्यावर ठेवली, सुरा घेतला आणि एकेका घावात एकेक डोकं उडवलं. वर्षभर ज्या डोक्यांसाठी ते हटून बसले होते ती डोकी गेली. शेवटचं उडवून झाल्यावर सुरा ठेवला, म्हातारीपुढे कमरेत वाकले आणि म्हणाले, "डांके."

आभार मानले त्यांनी. मला तो शब्द अजून ऐकू येतो आणि कानाच्या पाळ्या तापतात. मी बरोबर सांगितलं असतं तर ते भांडले असते. खुणांनी, चार शब्दांनी, पण भांडले असते, आणि कदाचित जिंकलेही असते. मी त्यांना आधी सगळं जाणार म्हणून सांगितलं, म्हणून थोडंच गेलं ह्याचा त्यांना आनंद झाला. त्यांची मान मी वाकवली, म्हातारीने नाही.

त्यानंतर बदकं पंखांना दोरी बांधून टांगावी लागली, कारण आकडा अडकवायला मानेवर काही उरलं नव्हतं. ती हात वर करून उभ्या केलेल्या माणसांसारखी दिसायची. मी ती एकदाच, लांबून पाहिली. मी त्या गल्लीत जाणंच सोडलं. बंदरावर तोवर माझं नाव बदललं होतं. क्रेनवरचा माणूस वरून ओरडायचा, "ए क्योफं-क्योशं, पेटी कुठे ठेवू?" आणि खाली सगळे खिदळायचे. मी त्यांना कवळीचं सांगत बसायचो. जितकं सांगावं तितकं हसायचे.

हिवाळा बराच सरला तेव्हा एका शनिवारी मिंग गोदामाच्या फाटकाशी आला. हातात झाकणाचं भांडं. माझ्या हातात दिलं आणि आल्या वाटेने निघून गेला. आत शेवया, सूप आणि वर एक डोकं. लाउकाकांनी मोठी चाल खेळली होती, त्यांना ठाऊक नसताना. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही ही माझ्या आईची शिस्त, आणि ती मी कुठल्याही बंदरात मोडली नव्हती. मी त्यात खजूर भरला आणि रविवारी गेलो.

लाउकाका बदकाला कान लावून उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बोंबे, तुझं शनिवारचं राहिलंय. बस." आणि वाडगं पुढे ठेवताना, अगदी गंभीर चेहऱ्याने, वाडग्यातल्या डोक्याकडे बोट करून विचारलं, "कॉप्फ?" मी मान हलवली. स्वतःच्या छातीवर बोट ठेवून विचारलं, "कॉख?" मी पुन्हा मान हलवली. "गूट," म्हणाले, "जर्मन सुधारलं." सगळं दुकान हसलं. मी मान खाली घालून जेवलो. आणि त्यानंतर कोळसेवाला आला तेव्हा त्यांनी पहिल्यासारखंच मला हाक मारली, "बोंबे, काय म्हणतो?" मला उठवेना. ते म्हणाले, "ऊठ. माझा दुभाषा तूच."

बदकांची डोकी परत टांगायला परवानगी मागावी म्हणून मी एकदा म्हातारीकडे वर गेलोही. आठ दिवस आरशापुढे ओठांचा चंबू करून घोकलं होतं. म्हटलं, बाई, क्योफं परत आणू द्या. तिने चष्म्यावरून पाहिलं. "स्वयंपाकी? अहो, ते गेलेतच कुठे? सकाळीच तर पाहिले." त्या दिवशी कवळी तिच्या तोंडात होती. हे मी बंदरावर कुणाला सांगितलं नाही. लाउकाकांना सांगितलं. ते इतके हसले की भट्टीतलं बदक करपलं. त्यांचं करपलेलं तेवढं एकच बदक मी पाहिलं.

साठ सालानंतर त्यांचे हात थरथरायला लागले. सुरा ठोकळ्यावर तिरका पडायचा. दुकान मिंगच्या हाती देऊन ते हाँगकाँगला, बहिणीकडे जायला निघाले. परत येणार नव्हते. ते तसं म्हणाले नाहीत आणि मी विचारलं नाही. मी धक्क्यावर गेलो. त्यांच्या अंगावर तोच ओव्हरकोट, डोक्यावर तीच हॅट, पायाशी तीच दोरीची बॅग. मला त्यांच्याकडे बघवेना. मी बोटींकडे, दोरखंडांकडे, पाण्याकडे बघत राहिलो.

"आग विझवली?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "मिंग चालवतोय. जळती सोडून आलो. ह्या वेळी बरं वाटलं."

भोंगा झाला. त्यांनी बॅग उचलली, दोन पावलं गेले आणि परत आले. बदकाच्या छातीवर करायचे तशी करंगळीच्या नखाने माझ्या कपाळावर टकटक केली, कान पुढे करून आवाज ऐकला आणि मान हलवली.

"कॉख वेक," स्वतःच्या छातीवर बोट ठेवून ते म्हणाले. मग तेच बोट माझ्या डोक्यावर टेकवलं. "कॉप्फ इथे."

ह्या वेळी मी बरोबर ऐकलं.